बांधावरचा कॉक

भाद्रपद लागला, पावसानं पाठ फिरवली आणि गावागावांवरून कपाशीच्या औषधाचा वास येऊ लागला, की ती घटना मला आजही आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकंही फोडून घेतलं. ते सगळं आता इतरांना सांगण्यापुरतं उरलं आहे. ही गोष्ट मात्र मी घरातही फारशी सांगितली नाही. आज लिहितो आहे ती नावं गाळून, कारण त्या घरातली माणसं अजून त्याच घरात राहतात.

तेव्हा मी राळेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गणपतीचे दिवस म्हणजे आम्हा पोलिसांना घर नसतं. मंडळांच्या परवानग्या, शांतता समितीची बैठक, मिरवणुकीचा रस्ता, बंदोबस्ताची वाटणी, यातच जीव अडकलेला. चतुर्थीच्या सकाळी मी अंमलदारांची हजेरी घेत होतो आणि यवतमाळच्या रुग्णालयातून सूचना आली. आमच्या हद्दीतल्या एका गावची म्हातारी विषबाधेनं वारली होती. तिचा मोठा मुलगा बेशुद्ध, मशीनवर. दोघांनीही आदल्या संध्याकाळी घरी कढी-भाकर खाल्ली होती.

आदला दिवस हरतालिकेचा. आमच्याकडे हरतालकाच म्हणतात.

विषबाधेची सूचना या दिवसांत नवी नव्हती. फवारणी करताना औषध अंगावर येतं, नाकातोंडात जातं, माणूस दवाखान्यात पोहोचतो. पण घरात बसलेल्या म्हातारीला फवारणीचं औषध कसं बाधलं? मी अकस्मात मृत्यूची नोंद घ्यायला सांगितली आणि तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला.

"साहेब, बुढी अशीच नाही मेली," पलीकडचा माणूस म्हणाला. "सुनेनं कढीत औषध टाकलं. तिचा निर्जळी उपास होता नं, म्हणून तोच दिवस धरला तिनं."

"तुम्ही कोण बोलताय?"

"गावातलाच हावो. जाऊन पाहा तुम्ही."

फोन बंद. असे फोन करणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. खबर देणारा आणि कान भरणारा यांत फरक असतो. खबर देणारा काय पाहिलं ते सांगतो, कान भरणारा काय समजायचं ते सांगतो. पण फोन आला की जावं लागतं.

दुपारी म्हातारीचा धाकटा मुलगा ठाण्यात आला. डोळे लाल, अंगात आईला खांदा द्यायला घातलेला पांढरा सदरा. त्याने भावजयीविरुद्ध फिर्याद दिली. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि एकेक प्रश्न विचारला. त्याची उत्तरं सरळ होती, म्हणूनच जड होती. वहिनीचं आणि आईचं पटत नव्हतं. कढी वहिनीनं केली. दोघांना वाढली आणि बायकांसोबत पूजेला देवळात निघून गेली. स्वतः तोंडात काही घातलं नाही. तिची लहान पोरगी घरातच होती, पण तिला कढी दिली नाही, दुधात शिळी पोळी कुस्करून खाऊ घातली.

"पोरीले काहून नाही देल्ली कढी?" तो मला विचारत होता, जणू उत्तर माझ्याकडे होतं. "तुमीच सांगा साहेब, काहून नाही देल्ली?"

भावांच्या चुली वेगळ्या होत्या, पण घरं भिंतीला भिंत लागून. म्हातारीला दवाखान्यात नेल्यापासून पोरगी त्याच्या घरी होती आणि आईच्या नजरेलाही पडू देणार नाही, असं तो म्हणाला. गुन्हा दाखल झाला. खुनाचा.

घरझडती घेतली. पंचांसमक्ष कढीचं पातेलं, उरलेलं पीठ, तिखट-मीठ, पिण्याच्या पाण्याचा कॅन, सगळ्यांचे नमुने सीलबंद केले. त्या भागातल्या बोअरच्या पाण्यानं दात पिवळे पडतात, म्हणून बहुतेक घरांत पिण्याला कॅनचं पाणी आणि बाकी कामाला विहिरीचं. कॅनचं पाणी स्वच्छ दिसत होतं. गोठ्यात औषधाची बाटली सापडली, अर्धी संपलेली. गावकऱ्यांच्या तोंडून एक सुस्कारा निघाला. मला त्याचं काही वाटलं नाही. भाद्रपदात त्या गावातल्या कोणत्याही गोठ्यात शिरलो असतो तरी बाटली सापडली असती. घराला कुलूप घालून सील केलं आणि बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं.

तिशीच्या आतली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलेली. सोबत माहेरची एक म्हातारी आत्या. रोज सकाळी यायची, संध्याकाळी आत्याबरोबर परत जायची. मी तिला अटक केली नव्हती, आणि यावरून माझ्यावर बरंच ओरडून झालं होतं. ठाण्यासमोर माणसं जमत. वरून फोन येत, "ठाणेदारसाहेब, मॅटर क्लिअर आहे, अटक कायले थांबवून राह्यले?" मी म्हणायचो, रासायनिक अहवाल येऊ द्या. खरं सांगायचं तर अहवालात काय येणार ते मलाही माहीत होतं. कढीत विष निघणारच होतं. आणि ते निघालं की मला तिला आत टाकावं लागणार होतं. पोरीपासून तिची ताटातूट मग वर्षानुवर्षांची होती.

चौकशीत तिनं एकच एक सांगितलं. "कढी म्याच केली. वाढली म्याच. औषध नाही टाकलं."

"मग औषध आलं कुठून?"

"मले समजत असतं तं सांगतलं असतं नं साहेब."

"पोरीला कढी का नाही दिली?"

"तिले आंबट नाही आवडत. कधीच नाही खात."

"सासूशी भांडण होतं?"

"होतं," ती म्हणाली. "कोणत्या घरी नाही? पण माही पोरगी झाली तवा रातभर बुढीच जागली होती माह्यापाशी."

खोटं बोलणारा माणूस सहसा भांडण नाकारतो. आपण किती गोडीगुलाबीने राहत होतो, हे पोलिसांना पटवून द्यायची त्याला घाई असते. हिनं भांडण कबूल केलं आणि त्याला लागूनच सासूचं चांगलंही सांगितलं. पण नुसत्या एवढ्यावर कोर्ट कोणाला सोडत नाही, आणि सोडूही नये.

गाठ सुटायला सुरुवात झाली ती आमच्या महिला शिपायामुळे. चौकशीच्या वेळी ती बाईशेजारी बसलेली असे. एके दुपारी ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, बाई सारखी खाजवून राह्यली. मानेला, पाठीला. मी पोलकं बाजूला करून पाह्यलं. सगळी पाठ लाल आहे. डोक्यातही तसंच."

"हात?"

"हातही. पण हातालाच जास्त असं नाही. सगळीकडे सारखं."

मी पेन खाली ठेवलं. औषध कढीत टाकणाऱ्याच्या फार तर बोटांना लागेल. पाठीला, डोक्याला कसं लागेल? मी बाईला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवलं. डॉक्टरांनी लेखी दिलं, औषधाच्या संपर्कामुळे आलेली चट्टे-खाज असावी. ती परत आल्यावर मी विचारलं,

"हरतालकेच्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं होतं?"

"हाव. पूजा होती नं. सकाळी न्हायली."

"त्रास कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. डोकं लय जड झालं, मळमळे. मले वाटलं उपासानं झालं."

"पाणी कुठलं?"

"टाकीचं. विहिरीहून येते."

"आणि कढी कुठल्या पाण्यात केलीत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचायला क्षणभर लागला, मग तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "त्याच्यातच," ती हळू म्हणाली. "पिवाचं पाणी कॅनचं. बाकी सगळं टाकीचं."

आम्ही सगळे तिच्या उपासाकडे पाहत बसलो होतो. ती उपाशी होती, पण कोरडी नव्हती.

"टाकीत पाणी त्याच दिवशी आलं होतं?"

"हाव. रिकामी होती, मंग आलं."

"सोडलं कोणी?"

इतके दिवस प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारी बाई एकदम गप्प झाली. मी पुन्हा विचारलं. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "मले नाही माहीत." तेवढं मात्र खोटं होतं. तीस वर्षं माणसांचे जबाब घेतलेल्याला खोटं कळायला फार कष्ट पडत नाहीत. खोटं कोणासाठी आहे हे कळायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच घेऊन मी पुन्हा त्या गावी गेलो. जागा दाखवायला फिर्यादी म्हणजे धाकटा भाऊ सोबत होता. सील तोडून आत शिरलो. या वेळी मला डबे-बाटल्या पाहायच्या नव्हत्या, नळ पाहायचे होते.

माझं घराणं कचेरीतलं. वडील, आजोबा, सगळे टेबल-खुर्चीवाले, यवतमाळात वाढलेले. नळ म्हणजे फिरवला की पाणी येतं, एवढंच ज्ञान. तरी त्या न्हाणीत उभं राहिल्यावर मलाही ते विचित्र दिसलं. भिंतीतून आलेली नळी प्लंबर वापरतात तसली पांढरी नव्हती. ती काळी होती, शेतात अंथरतात तसली. मध्ये मध्ये तिला बारीक भोकं होती आणि ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून बुजवलेली. छपरावरच्या टाकीत सुद्धा तसलीच पण जाड काळी नळी वरून उतरत होती. टाकीच्या तळाशी थोडं पाणी शिल्लक होतं. नमुना घेतला. पाणी गढूळ होतं, पण त्या दिवसांत विहिरीचं पाणी गढूळच असतं, आणि वासाचं म्हणाल तर सगळ्या गावालाच वास होता.

"ही नळी कुठून येते?" मी विचारलं.

"विहिरीवरून. चला, दावतो," धाकटा म्हणाला.

मी नळीला हात लावून तिच्या मागे चालायला लागलो. घरामागं रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाखालून ती गेली होती. तिथून बोरीच्या कुंपणातून, मग बांधावर. बांधावर ती एका मोठ्या पाइपाला जोडलेली होती आणि जोडाजवळ पितळी कॉक होता.

"हे काय?"

"हा दादाच्या घरच्या पाण्याचा कॉक. मोटर सुरू असली अन् हा खोलला की घरी पाणी जाते. बंद केला की सगळं वावरात." तो सांगत होता, आपल्या घरची सोय दाखवणाऱ्या माणसासारखा. "त्या दिवशी म्याच तं खोललता. मी इकून जात होतो, वहिनीनं आवाज देल्ला, 'भाऊजी, टाकी रिकामी हाय, जरा पाणी सोडा.' मंग सोडलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला काहीच जाणवलं नव्हतं. पंचांनाही नाही. आदल्या दिवशी ती बाई ज्यावर गप्प बसली, ते याने न विचारता सांगून टाकलं होतं. पुढे चालत राहिलो. तो माझ्या पुढे झाला.

विहिरीजवळ गवतात मोठ्या पाइपाला आणखी एक गोष्ट जोडलेली होती. दोन्हीकडून रुंद आणि मध्ये आवळलेली अशी एक नळी, आणि त्या आवळलेल्या जागेतून बाहेर आलेली एक बारीक पारदर्शक नळी. तिचं दुसरं टोक कशातच नव्हतं, मोकळं लोंबत होतं. टोकाला पांढरा थर सुकलेला. शेजारी पोत्याखाली एक निळा ड्रम. पोतं उचललं तेव्हा ड्रमच्या तळाशीही तोच पांढरा थर दिसला.

"आणि हे?"

"ही व्हेंच्युरी. दादानं मागच्या साली बसवली. ड्रमात औषध कालवायचं, नळी त्याच्यात सोडायची. मोटर सुरू झाली की हीच औषध ओढते. मंग ठिबकातून झाडाच्या मुळाशी जाते. पाठीवर पंप घ्यायचं काम नाही. त्या दिवशीबी दादा औषध सोडून वावराच्या पार तिकडच्या धुऱ्याकडं..."

तो तिथे थांबला.

आधी त्याने त्या नळीकडे पाहिलं. मग पाइपाच्या रेघेनं त्याची नजर हळूहळू बांधाकडे गेली, कॉकपर्यंत. तिथून घराकडे. वारा नव्हता. एक पंच काही विचारू लागला, त्याला मी हातानेच थांबवलं.

"औषध सुरू असलं की दादा कॉक बंद ठेवते," धाकटा म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "म्हणूनच बंद होता. म्हणूनच टाकी रिकामी होती. मले समजाले पायजे होतं."

तो खाली गवतातच बसला. थोड्या वेळानं आईला हाक मारावी तसं "माय व" म्हणाला. मी पोलीस अधिकारी आहे, मला पंचनामा लिहून घ्यायचा होता. पण तेव्हा मी माझी टोपी काढून विहिरीच्या कठड्यावर बसून राहिलो. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. ठेवला नाही, याचं वाईट वाटतं.

परत आल्यावर मी बाईसमोर बसलो.

"कॉक कोणी खोलला, ते तुम्हाला माहीत होतं."

तिने पदर डोक्यावर आणखी पुढे ओढला.

"काल मी पाण्याचं विचारलं तेव्हाच तुम्हाला सगळं समजलं होतं. का नाही सांगितलं? तुमच्यावर खुनाचा गुन्हा आहे, बाई. तो माणूसच तुमच्यावर नालिश करून बसलाय. तुमची पोरगी त्यानं अडवून ठेवलीय."

तिने पदराने तोंड पुसलं. "माय त्याची होती, साहेब," ती म्हणाली. "माह्यावर खोटं हाय, मले माहीत हाय ते खोटं हाय. खोटं सहन होते. त्याच्यावर खरं आलं असतं. ते कसं सहन झालं असतं त्याले?"

मी समोरचा जबाबाचा कागद मिटून ठेवला. महिला शिपाई उठून बाहेर गेली. ती का गेली ते मला कळलं होतं.

संध्याकाळच्या आत धाकटा ठाण्यात आला. कडेवर पोरगी. ती आईला पाहताच झेपावली. बाईनं तिला कुशीत घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला तो दिराला. "जेवली का हे?"

"जेवली," तो म्हणाला. मग तो तिच्या पायाशी वाकू लागला, तिने पाय मागे घेतले.

"वहिनी, म्या मारलं मायले."

"पाणी म्याच मांगतलं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "तुमी नुसतं सोडलं. अर्धं माह्यं हाय. एकल्यानं नका घेऊ."

रासायनिक अहवाल यथावकाश आला. कढीत, टाकीच्या पाण्यात, नळीतल्या साक्यात आणि ड्रमात एकच औषध होतं. कॅनमध्ये काही नव्हतं. मोठा भाऊ शुद्धीवर आला, त्याचाही जबाब झाला. औषध सोडायच्या आधी कॉक बंद केल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'क' समरीसाठी कागद कोर्टात पाठवले. मंजूर झाले. कागदावर प्रकरण संपलं.

त्या घरात कुणीही काही चुकीचं करायला निघालं नव्हतं. आधी शेतात ठिबक केलं. मग घराला पाणी हवं म्हणून त्यातलीच उरलेली एक नळी जोडली. मग पाठीवरचा पंप नको म्हणून व्हेंच्युरी आली. एकाच पाइपाला एकेक सोय जोडत गेली माणसं, आणि त्या सगळ्या सोयींमध्ये राखण म्हणून एक कॉक आणि एका माणसाची आठवण एवढंच उरलं. पुढे कुठल्याही घरझडतीत मी नळी दिसली की ती कुठून येते ते पाहिल्याशिवाय पंचनाम्यावर सही केली नाही. माझे अंमलदार हसायचे, "साहेबांना पाइपाचं वेड लागलं." हसू दे. आणि माणसांबद्दल शिकलो ते असं, की जो गप्प बसतो तो स्वतःला वाचवायलाच बसतो, हे आमच्या धंद्यातलं गृहीत सोडून द्यावं. मी ते सोडलं.

बदली होण्याआधी एकदा त्या घरी गेलो होतो. पुढल्या वर्षीची हरतालका नुकतीच होऊन गेली होती. काळी नळी तोडून टाकलेली, भिंतीतलं भोक सिमेंटनं बुजवलेलं. धाकटा हापशीवरून सायकलला लावलेल्या दोन कॅनमधून पाणी आणत होता. पहिली खेप वहिनीकडे, दुसरी स्वतःच्या घरी, असा त्याचा नेम झाला होता. मोठा भाऊ अंगणात बाजेवर बसून होता, अजून अशक्त. मला पाहून उठायला लागला, मी बसवलं.

"चहा घ्याल नं साहेब?" बाईनं विचारलं.

"घेतो की."

तिने चहा केला. कपात ओतण्याआधी थोडा बशीत काढला, उभ्या उभ्या स्वतः प्यायली, जरा थांबली, आणि मगच आमचे कप भरले. नवऱ्यानं माझी नजर पाहिली.

"आता हे असंच करते," तो म्हणाला. "भाजी असो, वरण असो, पयले स्वतः खाते, मंग वाढते."

"आणि हरतालकेला? उपास असतो ना?"

"उपास धरते," बाईनंच उत्तर दिलं. "पण त्या दिवशी मी चुलीपाशी जात नाही. चाखता येत नाही नं. भाऊजींच्या घरून डबा येते."